शिफारस यंत्राची, सही माणसाची

परळ, नायगाव, दादर भागातील आमचे अनेक बांधव सरकारी कचेऱ्यांत नोकरी करतात. तेथे आता कृत्रिम बुद्धिमत्ता येत आहे. गोपनीय माहिती बाहेर जाऊ नये म्हणून केंद्रीय अर्थ मंत्रालयाने जानेवारी २०२५ मध्ये कार्यालयीन संगणकावर चॅटजीपीटी, डीपसीक वापरण्यास मनाई केली. परंतु आम्हांस वाटते, केवळ मनाई पुरेशी नाही, प्रशिक्षणही हवे. नेदरलँड्समध्ये बालसंगोपन भत्ता देताना करखात्याच्या यंत्रणेने डच नागरिकत्व नसलेल्या पालकांना अधिक संशयित ठरविले. हजारो कुटुंबे कर्जात बुडाली. जानेवारी २०२१ मध्ये तेथील सरकारने राजीनामा दिला. उद्या आमच्या मुलाचा शिष्यवृत्तीचा अर्ज यंत्राने नाकारला, तर कारण विचारणारा, मूळ कागद तपासणारा कर्मचारी तेथे हवा. सही त्याची, म्हणून जबाबदारीही त्याचीच!