गिअर बदलतानाचा धक्का : शत्रू की मित्र?

मोटारीत बसलेल्या कोणालाही धक्के आवडत नाहीत. गाडी पाण्यावरच्या होडीसारखी अलगद जावी, असेच आपल्याला वाटते. पण अमेरिकेत असे कितीतरी मोटारशौकीन आहेत, की जे पदरचे पैसे खर्च करून आपल्या गाडीच्या स्वयंचलित गिअरपेटीत फेरफार करून घेतात, आणि तेही कशासाठी? तर गिअर बदलताना गाडीला चांगला ठसठशीत धक्का बसावा म्हणून! हे वेड म्हणायचे, की त्यामागे काही शास्त्र आहे? चला, पाहू या.

गिअरपेटीतील ग्रहमाला

साध्या मोटारीचा ड्रायव्हर गिअर कसा बदलतो, हे तुम्ही पाहिलेच असेल. डाव्या पायाने तो क्लच दाबतो, म्हणजे एंजिन आणि चाके यांचा संबंध क्षणभर तोडतो. मग दांडा सरकवून दुसरी दंतचक्रे जुळवतो आणि क्लच हळूहळू सोडतो. स्वयंचलित गिअरपेटीत ही सारी कामे तेल करते. अशी पेटी मोठ्या प्रमाणावर बनवून विकण्याचा पहिला मान अमेरिकेतील जनरल मोटर्स कंपनीच्या ‘हायड्रा-मॅटिक’ला जातो. ती १९३९ साली जाहीर झाली आणि १९४० च्या ओल्ड्समोबिल गाड्यांत बसवण्यात आली.

या पेटीतील दंतचक्रांची रचना मोठी मजेदार असते. मध्यभागी ‘सूर्यचक्र’, त्याभोवती फिरणारी लहान ‘ग्रहचक्रे’ आणि सर्वांना वेढणारे, आतल्या बाजूने दाते असलेले ‘वलयचक्र’. यांपैकी कोणते चक्र रोखून धरायचे आणि कोणते एंजिनाला जोडायचे, यावर गिअर ठरतो. दाते एकमेकांत सतत अडकलेलेच असतात. त्यामुळे गिअर बदलायचा म्हणजे दंतचक्रे सरकवायची नाहीत, तर एक क्लच सोडायचा आणि दुसरा पकडायचा. हे क्लच म्हणजे तेलात बुडालेल्या चकत्यांची चळत. तेलाच्या दाबाने दट्ट्या पुढे सरकतो आणि या चकत्या एकमेकींवर घट्ट आवळतो.

वेळ कोणी ठरवायची?

पण गिअर केव्हा बदलायचा, हे तेलाला कसे कळते? जुन्या पेट्यांत यासाठी दोन ‘खबरे’ असत. पहिला म्हणजे गतिनियंत्रक. गाडीच्या वेगाबरोबर त्यातील लहान वजने गरगर फिरत आणि केंद्रोत्सारी बलाने बाहेर फेकली जाऊन तेलाचा दाब वाढवीत. वेग दुप्पट झाला की हे बल चौपट होते. दुसरा खबरी एंजिनावर किती भार आहे ते सांगे. हे दोन दाब एका झडपेच्या दोन टोकांवर एकमेकांशी झुंजत. वेगाचा दाब जिंकला की झडप सरकली आणि वरचा गिअर पडला! वीज नाही, संगणक नाही. केवळ तेल, स्प्रिंगा आणि झडपा. तरीही ही यंत्रणा हिशेब करीत असे.

आता शर्यतीच्या गाडीला हा हिशेब पुरत नाही. तिला एंजिनाची पूर्ण शक्ती मिळेपर्यंत खालच्याच गिअरमध्ये राहायचे असते. मग कारागीर काय करतो? गतिनियंत्रकातील वजने हलकी करतो. हलकी वजने तेवढाच दाब निर्माण करायला जास्त वेग मागतात. साहजिकच गिअर उशिरा बदलतो.

छोट्या भोकाची मोठी करामत

वेळेइतकेच महत्त्व गिअर किती चटकन बदलतो, यालाही आहे. क्लचकडे जाणारे तेल धातूच्या एका पत्र्यातील बारीक भोकांतून जाते. शिवाय वाटेत ‘संचायक’ नावाचा, स्प्रिंगेवर टेकलेला एक दट्ट्या असतो. आलेल्या तेलापैकी काही तेल तो आपल्या पोटात घेतो. त्यामुळे क्लचवरचा दाब एकदम न वाढता हळूहळू वाढतो आणि प्रवाशांना गिअर बदलल्याचे जाणवतही नाही.

कारागीर ही भोके मोठी करतो आणि संचायकाची स्प्रिंग अधिक ताठ घालतो. भोकाचा व्यास २ मिलिमीटरवरून ३ मिलिमीटर केला, तर क्षेत्रफळ किती वाढेल? क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणजे ४ चे ९ झाले, सव्वादोन पट! तेवढ्याच दाबाखाली तेलही सुमारे सव्वादोन पट वाहील.

हे घरी करून पाहा. दोन सारख्या प्लॅस्टिकच्या बाटल्या घ्या. दोहोंना तळाजवळ सारख्याच उंचीवर भोक पाडा. एकीला ३ मिलिमीटरचे, दुसरीला ६ मिलिमीटरचे. झाकणे काढून त्या पाण्याने भरा आणि रिकाम्या व्हायला लागणारा वेळ मोजा. दुसरीला जवळजवळ चौथाईच वेळ लागेल.

उष्णता आणि झटका

आता मूळ प्रश्नाकडे वळू. क्लच पकडत असताना त्याच्या चकत्या एकमेकींवर घासतात आणि तापतात. जनरल मोटर्सच्या ‘टर्बो हायड्रा-मॅटिक ४००’ या १९६४ च्या पेटीचे उदाहरण घ्या. तिच्या पहिल्या गिअरचे गुणोत्तर २.४८ आणि दुसऱ्याचे १.४८ होते. एंजिन मिनिटाला ५,००० फेरे घेत असताना गिअर बदलला, तर गाडीचा वेग तोच राहून एंजिनाला सुमारे ३,००० फेऱ्यांवर यावे लागते. हा २,००० फेऱ्यांचा फरक चकत्यांनी घासून मिटवायचा असतो. त्या जितका वेळ घसरतील तितका वेळ एंजिन मागून रेटा देतच असते आणि त्या रेट्याचीही उष्णता होते. ताकदवान एंजिनापुढे हळुवार क्लच म्हणूनच करपतो. तेल काळे पडते, त्याला जळका वास येतो. गिअर चटकन बदलला तर ही उष्णता कमी होते आणि क्लचचे आयुष्य वाढते.

तर मग सर्वच गाड्यांत तसे का करीत नाहीत? कारण निसर्ग काहीच फुकट देत नाही! एंजिनाचा वेग ०.६ सेकंदाऐवजी ०.२ सेकंदात तेवढाच उतरवायचा, तर त्यासाठी तिप्पट जोर लागतो. हा जोर दंडांवर, दंतचक्रांवर आणि मागच्या चाकांवर आदळतो. अतिउत्साहाने दाब वाढवला, की एखादा दंड पिळवटून तुटतो किंवा निसरड्या रस्त्यावर चाके एकदम घसरतात. क्लच वाचतो, पण दुसरेच काही मोडते. हुशार कारागीर म्हणूनच जास्तीत जास्त धक्का शोधत नाही. त्या गाडीला पेलेल एवढाच शोधतो.

या ओढाताणीचा इतिहासही गमतीदार आहे. १९५६ साली जनरल मोटर्सने हायड्रा-मॅटिकमध्ये आणखी एक लहान द्रव-जोडणी घालून गिअर अधिक मुलायम केले. इकडे कॅलिफोर्नियात १९५३ मध्ये बॉब स्पार आणि मॉर्ट शुमन यांनी आपल्या नावांच्या आद्याक्षरांवरून ‘बी अँड एम’ हा व्यवसाय सुरू केला होता. तिथे त्याच हायड्रा-मॅटिक पेट्या पाव मैलाच्या, म्हणजे सुमारे ४०२ मीटरच्या, सरळ शर्यतींसाठी कडक केल्या जात! एकाच यंत्राकडून दोन ग्राहकांना दोन उलट गोष्टी हव्या होत्या.

भोकाऐवजी आकडा

१९९० च्या दशकात तेलाच्या या हिशेबाची जागा संगणकाने झपाट्याने घेतली. वेग, पेडलची स्थिती आणि तेलाचे तापमान पाहून संगणक विद्युत झडपांना आज्ञा देतो. तो आणखी एक युक्ती करतो : गिअर बदलताना क्षणभर एंजिनाची ठिणगी उशिरा पाडून त्याचा जोर कमी करतो. एंजिनाचा रेटाच कमी झाला, की क्लच कमी तापतो आणि झटकाही सौम्य बसतो. जर्मनीच्या झेड. एफ. कंपनीची २००९ साली आलेली आठ गिअरांची पेटी अशाच नियंत्रणामुळे चटकन आणि तरीही अलगद गिअर बदलते.

आजचा कारागीर ड्रिलऐवजी संगणकातील तक्त्यांचे आकडे बदलतो. पण आकडा बदलला म्हणून भौतिकीचे नियम बदलत नाहीत. तक्त्यात दाब दुप्पट लिहिणे सोपे असते; तो सोसायचा मात्र पोलादालाच.

तेव्हा मित्रांनो, पुढच्या वेळी गाडीत बसाल तेव्हा डोळे मिटून गिअर बदलल्याचा क्षण ओळखायचा प्रयत्न करा. तो कळला नाही, तर समजा, की कुणीतरी तुमच्या सुखासाठी क्लचला थोडे जास्त तापू दिले आहे. आणि कळला, तर ती थोडी झीज वाचवली आहे. दोन्हींपैकी काय निवडायचे, हे गाडी कशासाठी हवी आहे, यावर अवलंबून आहे.