पुस्तक मागणाऱ्याला परत पाठवू नका

आम्ही आठवीत असताना शहरातल्या एका वाचनालयाची पायरी पहिल्यांदा चढलो. टेबलामागच्या गृहस्थाने विचारले, "पुस्तकाचे नाव काय?" नाव आम्हाला ठाऊक नव्हते. "मग आलास कशाला?" आम्ही मुकाट्याने परतलो. पुढे दोन वर्षे तिकडे फिरकलो नाही.

ग्रंथपालाला वर्गीकरण आणि सूची यायलाच हवी. दशांश वर्गीकरणात बौद्ध धम्माचा क्रमांक 294.3 आहे, हे ठाऊक असणारा त्या फळीशी चटकन पोहोचतो. पण तेवढ्याने भागत नाही. समोरच्याला नेमके काय हवे, हे गोडीने विचारून घेणे हे खरे कसब. "बाबासाहेबांचे पुस्तक द्या," असे तिघे म्हणतात. पाचवीतल्या मुलीला जयंतीत भाषण करायचे असते. तिला सोपे चरित्र हवे. स्पर्धा परीक्षेच्या मुलाला संविधान अभ्यासायचे असते; त्याला महाराष्ट्र शासनाच्या इंग्रजी ग्रंथमालेतला 13वा खंड दाखवावा. आजीला नातीकडून वाचून घ्यायचे असते. तिला मोठ्या टायपातले पुस्तक द्यावे. "कशासाठी पाहिजे?" एवढे विचारले की तिघांचेही काम होते.

मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल डॉ. रंगनाथन यांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. वाचकाचा वेळ वाचवणे हा त्यांतला चौथा. रोजंदारीवरचा माणूस दाखल्याची किंवा शिष्यवृत्तीची माहिती काढायला येतो, तेव्हा "उद्या या" म्हणजे त्याचा आणखी एक खाडा. आज असे अर्ज संगणकावर भरावे लागतात. तेही ग्रंथपालाने न हिणवता शिकवायला हवे. कोण काय वाचतो, याची चर्चा मात्र बाहेर करू नये.

बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी 1910 साली अमेरिकेहून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालांना बोलावले. पुढे पेट्यांत भरून पुस्तके खेड्यापाड्यांत जाऊ लागली. त्याच महाराजांच्या शिष्यवृत्तीवर 1913 साली बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात गेले. पुढे आपल्या ग्रंथांसाठी त्यांनी दादरला राजगृह बांधले.

महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा 1967 सालापासून आहे. सरकारी अनुदानावर चालणारे वाचनालय आपल्याही हक्काचे. बंधू-भगिनींनो, मुलांना तिथे न्या, सभासद करा. आणि आपल्या विहारातल्या पुस्तकांच्या कपाटाची किल्ली कोणाकडे आहे, तेही पाहा. कपाट नुसते जपणाऱ्यापेक्षा, आलेल्या पोराला "बस बाळा, काय वाचायचंय?" असे विचारणाऱ्याच्या हाती ती द्या.

जय भीम!