बाबासाहेबांची भूमिका कोणी करावी?

मागच्या उन्हाळी सुट्टीत आमच्या घरी जेवणाच्या ताटावर मोठे भांडण झाले. भांडणारे दोघे म्हणजे आमचे चिरंजीव आणि नागपूरहून आलेला भाचा. वाद होता बॅटमॅनचा. एक म्हणे, जुना नटच खरा बॅटमॅन. दुसरा म्हणे, नवाच शोभतो. आमच्या मातोश्री शेवटी वैतागून म्हणाल्या, "अरे, तो कोण तुमच्या घरचा? भाजी थंड होऊन राहिली ना!" सगळे हसले. आम्ही मात्र हसू शकलो नाही. असाच वाद पंचवीसेक वर्षांपूर्वी आमच्या वस्तीत झाला होता आणि त्यात आम्हीही तावातावाने बोललो होतो. फरक एवढाच, की तो वाद कागदावरच्या वीराचा नव्हता. तो आपल्या बापाचा होता.

पडद्यावरच्या वीराचे काम कोणी करावे यावरून लोक भांडतात, ही गोष्ट नवी नाही. अमेरिकेत 1989 साली आलेल्या 'बॅटमॅन' चित्रपटासाठी मायकेल कीटन या नटाची निवड झाली होती. तो विनोदी भूमिका करणारा म्हणून प्रसिद्ध होता. हा काय बॅटमॅन होणार, म्हणून चाहत्यांनी चित्रपट कंपनीला हजारो निषेधाची पत्रे पाठवली. चित्रपट आला, तुफान चालला आणि पुढे तेच लोक कीटनचे नाव आदराने घेऊ लागले. जोकरच्या भूमिकेसाठी हीथ लेजर निवडला गेला तेव्हाही अशीच नाके मुरडली गेली. 2008 मध्ये चित्रपट लागला तेव्हा तो या जगात नव्हता. त्याच भूमिकेसाठी 2009 मध्ये त्याला मरणोत्तर ऑस्कर देण्यात आले.

पण सगळेच आक्षेप अभिनयाचे नसतात. 2011 च्या 'थॉर' चित्रपटात हाइमडाल या देवाचे काम इद्रिस एल्बा या कृष्णवर्णीय नटाला दिले, तेव्हा अमेरिकेतील एका गोऱ्यांच्या संघटनेने बहिष्काराची हाक दिली. नट चांगला की वाईट, हा प्रश्नच तिथे नव्हता. कातडीचा रंग हाच आक्षेप होता. वाचकहो, हा रंगाचा मुद्दा ध्यानात ठेवा. पुढे तो आमच्याच दारात येणार आहे.

बॅटमॅन 1939 साली चित्रकाराच्या कागदावर जन्मला. त्याला कोणी प्रत्यक्ष पाहिलेले नाही. बाबासाहेबांचे तसे नाही. त्यांचा फोटो आपल्या प्रत्येक घरात आहे, आणि भंडारा जिल्ह्यात तर त्यांना डोळ्यांनी पाहिलेली माणसे होती. 1954 साली भंडारा लोकसभेच्या पोटनिवडणुकीला बाबासाहेब स्वतः उभे होते. काँग्रेसचे भाऊराव बोरकर निवडून आले, बाबासाहेब पडले. तो पराभव जुन्या माणसांच्या काळजात घर करून राहिला. आमची आजी त्या वेळी बावीस-तेवीस वर्षांची होती. तिने प्रचारसभेत बाबासाहेबांना लांबून पाहिले होते. तेवढ्या पाहण्यावर तिने उभा जन्म काढला.

मामुट्टी आणि आमची आजी

बाबासाहेबांवर चित्रपट आधीही निघाले होते. 1990 साली 'भीमगर्जना' आला, 1993 साली 'युगपुरुष डॉ. बाबासाहेब आंबेडकर' आला. पण देशभर गाजावाजा झाला तो जब्बार पटेल यांच्या इंग्रजी चित्रपटाचा. तो डिसेंबर 2000 मध्ये प्रदर्शित झाला. बाबासाहेबांच्या भूमिकेत केरळचे मामुट्टी, रमाईच्या भूमिकेत सोनाली कुलकर्णी. आमच्या वस्तीत लगेच चर्चा पेटली. एवढ्या मोठ्या महाराष्ट्रात बाबासाहेबांचे काम करायला आपला एक माणूस मिळाला नाही? मल्याळी बोलणारा, मुसलमान घरातला नट भीमाबाई-रामजींच्या लेकराचे दुःख काय जाणणार? आम्हीही त्यात पुढे होतो. चित्रपट पाहण्याआधीच आम्ही आमचा निकाल देऊन टाकला होता.

पुढे वर्ष-दोन वर्षांनी हिंदीत डब केलेली व्हीसीडी कोणीतरी आणली आणि विहारात टीव्ही लावून सर्वांनी चित्रपट पाहिला. आजीला पुढे सतरंजीवर बसवले होते. मामुट्टी दिसताच ती आमच्याकडे वळून म्हणाली, "बाबू, हे नाही होत आपले बाबासाहेब." आम्हाला आनंदच झाला. साक्षीदार आमच्या बाजूने होता! पण रमाईचे प्रसंग सुरू झाले आणि आजीने पदर डोळ्याला लावला. शेवटी ती उठेना. घरी जाताना एवढेच म्हणाली, "तोंड त्याचं वेगळं आहे. पण बसते तसाच, उठते तसाच."

या भूमिकेसाठी मामुट्टी यांना 1998 सालचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तो अजय देवगण यांच्यासोबत विभागून होता. मामुट्टी हे स्वतः कायद्याचे पदवीधर असून काही काळ त्यांनी वकिलीही केली आहे, हे आम्हाला फार नंतर कळले. आधी कळले असते तर तोंड जरा आवरले असते.

आणखी एक गोष्ट आम्ही विसरलो होतो. ज्या 1954 साली बाबासाहेब भंडाऱ्यात उभे होते, त्याच वर्षी आचार्य अत्रे यांचा 'महात्मा फुले' चित्रपट आला. जोतीरावांची भूमिका बाबूराव पेंढारकरांनी केली. जोतीरावांना गुरू मानणारे बाबासाहेब त्या चित्रपटाच्या मुहूर्ताला स्वतः हजर होते.

2019 साली पुन्हा तोच खेळ झाला. स्टार प्रवाह वाहिनीवर बाबासाहेबांची मालिका आली, भूमिकेत सागर देशमुख. त्याच वर्षी जानेवारीत त्यांनी चित्रपटात पु. ल. देशपांडे यांचे काम केले होते. लोक म्हणाले, कालचा पु.ल. आज बाबासाहेब? पण महिन्याभरात आमच्या गल्लीतील बायाबापड्या मालिकेच्या वेळेआधी स्वयंपाक उरकू लागल्या.

आमच्याच हातून घडलेली गोष्ट

आता रंगाच्या मुद्द्याकडे येतो. हे लिहिताना आम्हाला लाज वाटते, पण लिहिणे भाग आहे.

काही वर्षांपूर्वी 14 एप्रिलच्या मिरवणुकीसाठी आम्ही चित्ररथ काढायचे ठरवले. संविधान सभेत भाषण करणारे बाबासाहेब, असा देखावा होता. भूमिकेसाठी दोन मुले समोर आली. एक साहेबाच्या घरचा, गोरा, गुबगुबीत. कोट त्याला मापाने बसला. दुसरा विड्या वळणाऱ्या माउलीचा मुलगा, रंगाने काळा, अंगाने काटकुळा. त्याने 25 नोव्हेंबर 1949 च्या भाषणाचा मोठा भाग मराठीत तोंडपाठ केला होता. पहिल्याला चार ओळीही धड येत नव्हत्या. समितीने निवड केली पहिल्याची. त्या समितीत आम्ही होतो. दुसऱ्याला आम्हीच समजावले, "तू चवदार तळ्याच्या रथावर लोकांत उभा राहा."

त्याने विचारले, "काका, बाबासाहेब गोरे होते म्हणून का?"

आमच्यापाशी उत्तर नव्हते. तो मिरवणुकीला आला नाही. दुसऱ्या दिवशी त्याची आई दारात आली. आवाज न चढवता म्हणाली, "भाऊ, शाळेत मास्तरने त्याला मागं बसवलं असतं, तर तुम्हीच मोर्चा काढला असता." आणि निघून गेली. पाण्याचा पेलाही तिने घेतला नाही.

अमेरिकेत काळ्या नटावर बहिष्कार टाकणारे आणि आम्ही, यात मग काय फरक राहिला? मुंबईचे चित्रपटवाले आपल्याला विचारत नाहीत, म्हणून आम्ही चिडत होतो. पण एका देखाव्यापुरता अधिकार हाती आला, तेव्हा आम्हीही कातडी पाहिली आणि कोटाचे माप पाहिले. पाठांतर पाहिले नाही.

पुढच्या वर्षीपासून आम्ही पद्धत बदलली. मुले पडद्यामागून भाषण म्हणतात, समिती फक्त कानांनी ऐकते, नाव नंतर कळते. कोट शिवायला लागला तर वर्गणीतून शिवतो. तो मुलगा मात्र परत आला नाही. आज तो बाहेरगावी नोकरीला आहे. भेटला की 'जय भीम, काका' म्हणतो. त्या दिवसाचा विषय तो काढत नाही. आमचीही हिंमत होत नाही.

मग आक्षेप घ्यायचाच नाही का?

जरूर घ्यावा! बाबासाहेबांच्या नावावर कोणी काहीही दाखवील आणि आपण टाळ्या वाजवू, असे होणार नाही. पण आधी पाहावे, मग बोलावे. आपल्या झाडीपट्टीतील रसिक मंडईच्या नाटकाला रात्रभर बसतात. नट कोणत्या गावचा, हे पडदा उघडेपर्यंत विचारतात. नंतर त्याचे काम पाहतात. या रंगभूमीचे परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली, ती कामामुळेच. प्रसंग चुकीचा दाखवला, तारीख चुकली, रमाईला नुसती रडणारी दाखवली, तर वाहिनीला पत्र लिहावे. नटाची जात आणि रंग यावर शाई खर्च करू नये.

'आपला माणूस का नाही?' हा प्रश्नही खोटा नाही. पण तो बाबासाहेबांच्या एका भूमिकेपुरता विचारून भागणार नाही. नागराज मंजुळे यांनी 'फँड्री'तील जब्यासाठी सोमनाथ अवघडे हा खेड्यातला पोरगा घेतला. 2022 च्या 'झुंड'मध्ये अमिताभ बच्चन यांच्यासमोर नागपूरच्या वस्तीतील मुले उभी केली. पूर्वी कॅमेरा पाहिलेला नसलेली ही मुले जराही कमी पडली नाहीत. आपली मुले लेखक, दिग्दर्शक झाली, तर भूमिका कोणाला द्यायची हे ठरवणाऱ्या खुर्चीवर ती बसतील. त्यासाठी त्यांना आज विहाराच्या ओट्यावर उभे करावे लागेल.

माता-भगिनींनो, तुमचे लेकरू काळे असो, काटकुळे असो, त्याला यंदा भाषण पाठ करायला लावा. कोणी समितीवाला त्याला मागे उभे करू लागला, तर त्या माउलीसारखे त्याच्या दारात जा. आम्हाला त्या एका वाक्याने शहाणे केले. ते आधी कोणी ऐकवले असते, तर एक गुणी पोरगा आमच्यापासून दुरावला नसता.

जय भीम!