सिंगापूर ते कुनमिंग, रुळांवरून

आग्नेय आशियाच्या दक्षिण टोकापासून चीनच्या युन्नान प्रांतापर्यंत विमानात पाऊल न ठेवता जाता येते. मार्ग असा :

● सिंगापूर–मलेशिया : वुडलँड्सहून जोहोर बाहरूला शटल गाडी. 1924 मध्ये खुल्या झालेल्या सेतुमार्गावरून ती 5 मिनिटांत सामुद्रधुनी ओलांडते. पुढे क्वालालंपूरमार्गे पाडांग बेसार.

● मलेशिया–थायलंड : पाडांग बेसार स्थानकातच दोन्ही देशांची पासपोर्ट तपासणी होते. तिथून रात्रभराच्या शयनयान गाडीने बँकॉक.

● थायलंड–लाओस : बँकॉक–विएंतिआन थेट गाडी जुलै 2024 मध्ये सुरू झाली. मेकाँगवरचा मैत्री पूल 1994 चा; त्यावरून रेल्वे धावू लागली 2009 मध्ये.

● लाओस–चीन : विएंतिआन–कुनमिंग हा 1,035 किमीचा मार्ग डिसेंबर 2021 मध्ये पूर्ण झाला. सीमापार प्रवासी गाडी एप्रिल 2023 पासून धावते. प्रवास सुमारे 10 तासांचा, बराचसा बोगद्यांतून आणि पुलांवरून.

विएंतिआनला गाडी का बदलावी लागते? विएंतिआनपर्यंतचे रूळ मीटरगेज, म्हणजे 1,000 मिमी रुंदीचे. चीनकडे जाणारे 1,435 मिमीचे. शहरातली दोन्ही स्थानकेही वेगळी, त्यामुळे मधले अंतर रस्त्याने कापावे लागते.

लक्षात ठेवा : लाओस–चीन सीमेवरच्या बोतेन आणि मोहान या स्थानकांवर सगळ्या सामानासह उतरावे लागते. प्रत्येक देशाचे प्रवेशनियम निघण्याआधी तपासा आणि विएंतिआनला एक मुक्काम जरूर ठेवा. घाईत हा प्रवास करण्यात अर्थ नाही. बदलत जाणारी भूमी डोळे भरून पाहणे हेच त्याचे खरे फळ आहे.