फोनमध्ये आधीच बसलेलं गूगल आणि ४३४ कोटी युरोंचा दंड

नवा अँड्रॉइड फोन हातात आला की गूगल सर्च आणि क्रोम त्यात आधीच येऊन बसलेले असतात. युरोपियन कमिशनने नेमकं हेच पकडलं आणि १८ जुलै २०१८ ला गूगलला सुमारे ४३४ कोटी युरोंचा दंड ठोकला.

मुद्दा असा. अँड्रॉइडचा सोर्स कोड खुला आहे, कोणीही घ्यावा. पण प्ले स्टोअर खुलं नाही, आणि प्ले स्टोअर नसलेला फोन घेणार कोण? ते हवं तर सर्च आणि क्रोमही टाकाच, अशी फोन कंपन्यांना अट होती. शिवाय काही मोठ्या कंपन्यांना फक्त गूगल सर्चच ठेवण्याचे पैसे मिळायचे. कोड लिहिणारा माणूस म्हणून मला खटकते ती तिसरी अट: गूगलची मान्यता नसलेल्या अँड्रॉइडवर चालणारा एकही फोन विकायचा नाही. त्यामुळे अ‍ॅमेझॉनच्या फायर ओएसवर फोन काढायची मोठ्या कंपन्यांची वाटच बंद झाली. याला खुला कोड म्हणायचं!

गूगल म्हणालं, दुसरा ब्राउझर डाउनलोड करायला कोणी अडवलंय? बरोबर आहे, पण करतं कोण? कमिशनने २०१६ चे आकडे काढले. अँड्रॉइडवर ९५ टक्क्यांहून जास्त शोध गूगल सर्चवर. विंडोज मोबाइलवर बिंग आधीपासून असायचं, तिथे गूगलचा वाटा २५ टक्क्यांपेक्षा कमी. गूगल तेच, फक्त आधी कोण बसलंय ते वेगळं. माझ्या मते अख्ख्या केसमधला हा सगळ्यात भारी पुरावा.

दंडानंतरची गंमत ऐका. युरोपात ‘सर्च इंजिन निवडा’ अशी स्क्रीन आली, पण २०२० मध्ये त्या यादीतल्या जागांचा चक्क लिलाव! म्हणजे गूगलशी स्पर्धा करायची तर गूगललाच पैसे मोजा. बरीच ओरड झाली, मग २०२१ मध्ये ते फुकट केलं. २०२२ मध्ये कोर्टाने दंड ४१२.५ कोटींवर आणला, निकाल मात्र बहुतांशी कायम ठेवला.

एकेका केसला इतकी वर्षं लागतात, म्हणून युरोपने डिजिटल मार्केट्स अ‍ॅक्ट आणला. मोठ्या कंपन्यांवर त्याची बंधनं ७ मार्च २०२४ पासून आहेत. मोडली तर जगभरच्या उलाढालीच्या १० टक्क्यांपर्यंत दंड.

आणि आपल्याकडे? ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगानेही अँड्रॉइडवरूनच गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. जानेवारी २०२३ मध्ये गूगलने भारतातही सर्च इंजिन निवडायची स्क्रीन देणार असं जाहीर केलं. नवा फोन सेट करताना आपण ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ दाबत सुटतो ना, ती तिथे येते.