काजूच्या टरफलातील राळ

काजूगर न आवडणारा माणूस विरळाच! पण हा गर ज्या टरफलात दडलेला असतो, त्याच्या वाटेला सहसा कोणी जात नाही. कोकणातल्या मुलांना याचे कारण ठाऊक असते. ओली काजूबी सोलताना चीक हाताला लागला, की कातडी भाजल्यासारखी होते, फोड येतात आणि साल निघते. हाच त्रासदायक पदार्थ रंग आणि मोटारींचे ब्रेक तयार करणाऱ्यांना मात्र हवाहवासा वाटतो. असे का बरे व्हावे?

काजूच्या टरफलाला बाहेरचा व आतला असे दोन थर असतात. त्यांच्यामधल्या भागात मधाच्या पोळ्यासारखे कप्पे असून त्यांत तपकिरी तेल भरलेले असते. टरफलाच्या वजनाचा सुमारे पाव भाग हे तेलच असते. बीचे रक्षण करणे हे त्याचे काम. आंबा, काजू आणि बिब्बा ही एकाच कुलातील झाडे. बिब्ब्याच्या तेलाचा काळा डाग धुऊनही जात नाही, म्हणून परीट कपड्यांवर खुणा करण्यासाठी बिब्बा वापरीत. चीन-जपानमध्ये याच कुलातील एका झाडाच्या चिकाने लाकडी भांड्यांवर चकचकीत लेप देतात. त्या चिकानेही अंगावर फोड येतात!

टरफलाच्या तेलात मुख्यतः अ‍ॅनाकार्डिक आम्ल असते. ते तापवले, की त्यातून कार्बन डाय-ऑक्साइड निघून जातो आणि कार्डॅनॉल उरते. कार्डॅनॉलच्या रेणूला एक डोके व एक लांब शेपूट आहे, असे समजू या. डोके फेनॉलचे, म्हणजे सहा कार्बन अणूंचे कडे व त्याला जोडलेला हायड्रॉक्सिल गट. शेपूट म्हणजे १५ कार्बन अणूंची साखळी. बहुतेक रेणूंच्या शेपटीत एक ते तीन दुहेरी बंध असतात.

१९०७ साली लिओ बेकलँड यांनी फेनॉल आणि फॉर्माल्डिहाइड यांच्यापासून बेकेलाइट बनवले. फॉर्माल्डिहाइडचे रेणू फेनॉलच्या कड्यांना पुलासारखे जोडतात आणि एक भले मोठे जाळे तयार होते. हेच बहुवारिक. फेनॉल आज मुख्यतः खनिज तेलापासून मिळवतात. त्याच्या जागी कार्डॅनॉल घेतले तरी जाळे विणता येते, कारण डोके तेच! शिवाय शेपटीचा फायदा मिळतो. बेकेलाइट ठिसूळ असते. शेपटीमुळे राळेला लवचिकपणा येतो आणि ती पाण्याला दूर ठेवते. दुहेरी बंध हवेतील ऑक्सिजनच्या साहाय्याने एकमेकांत गुंततात व लेप अधिक घट्ट होतो. म्हणूनच जहाजांच्या रंगलेपांत कार्डॅनॉलपासून केलेले पदार्थ वापरतात. घट्ट झालेल्या राळेची भुकटी ब्रेकच्या अस्तरात घालतात.

दुहेरी बंधांची करामत तुम्हीही पाहू शकाल. एका काचपट्टीवर जवसाच्या तेलाचा व दुसरीवर खोबरेल तेलाचा अगदी पातळ थर द्या आणि हवेशीर जागी ठेवून रोज निरीक्षण करा. काही दिवसांनी जवसाचे तेल चिकट होऊन सुकत जाईल. खोबरेल तसेच राहील, कारण त्यात दुहेरी बंध फारच थोडे. (जवसाच्या तेलाचे बोळे तसेच टाकू नका, ते आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पाण्यात भिजवून ठेवा. काजूच्या टरफलावर मात्र प्रयोग नको!)

टरफल हा काजू कारखान्यांतील टाकाऊ माल. त्यासाठी वेगळी जमीन लागत नाही की कोणाच्या ताटातले अन्न कमी होत नाही. हा या राळेचा मोठा गुण. पण ‘वनस्पतिजन्य’ एवढ्या एका शब्दावर समाधान मानू नये. जोडीचे फॉर्माल्डिहाइड बहुधा नैसर्गिक वायू किंवा कोळशापासूनच येते. घट्ट झालेली राळ पुन्हा वितळवता येत नाही आणि मातीत सहजी कुजतही नाही. काजूबिया फोडण्याचे काम बहुतांशी स्त्रिया करतात. हातांना तेल किंवा राख लावून त्या चिकापासून बचाव करतात. ते हात भाजू नयेत, हाही या रसायनशास्त्राचाच एक प्रश्न आहे.

एखादा पदार्थ पर्यावरणाला पोषक आहे असे कोणी सांगितले, की त्याला चार प्रश्न विचारा: कच्चा माल कोठून आला? त्याच्या जोडीला काय मिसळले? काम कोणाच्या हातांनी झाले? आणि वापरून झाल्यावर त्याचे काय होणार? एरंडेल, करडई, जवस यांपासूनही राळा व रंगलेप बनतात. तुमच्या भागात यांपैकी काय पिकते, ते पाहून हेच प्रश्न त्यालाही लावून बघा.