मेथीचा दाणा आणि आजीची गोळी

गेल्या दिवाळीनंतर माझ्या आजीने मधुमेहाची गोळी बंद केली. "मी मेथ्या खास ना, आते गोया कसाले?" असे ती म्हणाली आणि आम्हा कुणालाच त्यात वावगे वाटले नाही. रात्री भिजवलेल्या चमचाभर मेथ्या ती रोज सकाळी चावून खाई. पुढे कापूस वेचताना पऱ्हाटीचा खुंट पायाला लागला. साखर वाढून पाय बधिर झालेला, तिला कळलेच नाही. जखम चिघळली तेव्हा अमळनेरहून धुळ्याला दवाखान्यात न्यावे लागले. पाय वाचला. पण कॉलेजात जाणारा घरातला पहिला मी, आणि मलाही काही ठाऊक नव्हते! म्हणून थोडे वाचले, डॉक्टरांना विचारले. तेच येथे मांडतो.

मेथी खोटी नाही. भिजल्यावर ती बोटाला बुळबुळीत लागते, तो तिच्यातला विरघळणारा चोथा. पोटात त्याचा लगदा होतो आणि त्यामुळे भाकरीची साखर रक्तात सावकाश उतरते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील संशोधकांनी १९९० साली असाच एक प्रयोग प्रसिद्ध केला. रुग्णांना जेवणातून दिवसाला १०० ग्रॅम मेथीची तेल काढलेली पूड दिली, तेव्हा त्यांची साखर कमी झाली. पण कुठे ते १०० ग्रॅम आणि कुठे आजीचा चार-पाच ग्रॅमचा चमचा! शिवाय ते रुग्ण इन्सुलिनवर होते. मेथी औषधाच्या जोडीला होती, जागी नव्हती. जोडीला घेतानाही डॉक्टरांना सांगावे, कारण साखर फार उतरली तर घाम फुटून चक्कर येते.

जवसाचे निराळे. त्याचा दाणा अख्खा गिळला तर बराचसा तसाच बाहेर पडतो. भाजून कुटला तरच अंगी लागतो. आपल्याकडे लसूण-तिखट घालून चटणी करतात ती या दृष्टीने उत्तमच. शहरात महागडा चिया विकत घेतात. ज्या ओमेगा-३ साठी त्याचे कौतुक होते, तो जवसातही भरपूर आहे. मात्र जवसात सुमारे चाळीस टक्के तेल असते, तेव्हा चटणी चमचाभर, वाटीभर नव्हे. तीळ, शेंगदाण्यांनाही हेच लागू.

आणि कळणा! ज्वारीत सालासकट उडीद घालून दळलेली ती भाकरी भरताबरोबर कुणाला नको? उडदातील प्रथिने आणि साल यांमुळे ती नुसत्या ज्वारीपेक्षा सावकाश पचते. पण शेवटी ती भाकरीच. चार भाकरी खाऊन वर चटणी घेतली तर साखर कशी हटणार? दाणा वाढवायचा तर भाकरी कमी करावी लागते, हे आजीला पटवताना मला घाम फुटला.

आता ती दोन भाकरी खाते, तिसरीसाठी माझ्याकडे रागाने बघते. गोळ्यांची पट्टी तिने मेथीच्या डब्यातच ठेवली आहे.